डोईवरची लावणी

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला डोक्याला तेल लावू न देणारा मुलगा आमच्या घराण्यात माझ्याआधी झाला नसावा. परवाच्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तेलाची वाटी घेऊन माझ्या पाटामागे उभी होती, आणि मी त्रेचाळीस वर्षांचा घोडा दोन्ही हात डोक्याच्या चार बोटे वर धरून "डोक्याला नको, डोक्याला नको!" असे ओरडत होतो. शेजारच्या काकी कुंपणावरून डोकावून गेल्या. त्यांना काय वाटले असेल ते त्यांनाच ठाऊक. पण ही हकीकत नीट सांगायची तर थोडे मागे जावे लागेल, आणि थोडी लाजही गिळावी लागेल.

आमच्या घरातील पुरुषांचे केस तिशी ओलांडीत नाहीत. आजोबांचे तसेच, वडिलांचे तसेच. परंतु त्या दोघांना त्याचे दुःख कधी झाल्याचे ऐकिवात नाही, कारण त्यांच्या डोक्यावर टोपी होती. टोपी घालणाऱ्याचे टक्कल ही त्याची खाजगी बाब असते. आमच्या पिढीने टोप्या खुंटीला लावल्या आणि टकले चव्हाट्यावर आणली. मग सुरू झाले उपाय. कांद्याचा रस झाला, जास्वंदीचे तेल झाले, माक्याचे तेल झाले. आमच्या मालवणीत 'माका' म्हणजे 'मला'; तेव्हा "माका माका व्हयो" असे मी मुंबईहून फोनवर आईला सांगितले, तेव्हा ती इतका वेळ हसली की माक्याचे तेल हवे कशाला हे सांगायचेच राहिले. तेल आले, केस गेले.

तरीही मी टक्कल सोसले असते. पण एका डिसेंबरात आईला घेऊन मी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. तिला शिवराजेश्वराचे दर्शन घ्यायचे होते, आणि जन्म मालवणात जाऊनही त्या किल्ल्यावर पाऊल टाकून तिला दहा वर्षे झाली होती. होडीत आमच्या समोर पुण्याकडचे एक कुटुंब बसले होते. त्यातल्या बाईंनी अगदी आदराने आईला विचारले, "हे आपले बंधू का?"

आई तेव्हा सहासष्ट वर्षांची होती. ती जी हसायला लागली, ती होडी धक्क्याला लागेपर्यंत हसत होती. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि मध्ये कुरटे बेटावरच्या ह्या विहिरींना गोडे पाणी! शिवाजीमहाराजांनी १६६४ साली ह्या किल्ल्याचे काम सुरू करविले. मी दूधबावेत वाकून पाहिले. खाली पाण्यात आभाळाचा एक तुकडा आणि त्याच्या मधोमध माझे गुळगुळीत डोके दिसले. मागून आई म्हणाली, "वाकां नको, भावा, पडशीत!" त्यानंतर आठवडाभर ती मला भावाच म्हणत होती.

मी त्याच महिन्यात मनाशी ठरविले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच वर्षी गणपतीत आईने मला मागच्या पडवीचे छप्पर दाखविले होते. वासे कुजले होते, रिपा वाकल्या होत्या, आणि पाऊस आला की तीन ठिकाणी टोपे ठेवावी लागत. "ह्या वर्षी जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू," असे मी म्हटले होते. त्यात खोटे काही नव्हते, हाताशी तेवढे पैसे तेव्हा नव्हते. पुढच्या वर्षी ते जमले, आणि डोक्यावर गेले.

मुंबईत एका ठिकाणी चौकशीला गेलो, तर सुटाबुटातल्या एका तरुणाने मला 'आजच पैसे भरलेत तर सवलत' असे सांगितले. शस्त्रक्रिया कोण करणार, असे विचारल्यावर तो 'आमची टीम' एवढेच म्हणाला. मी उठून आलो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्टच बजाविले आहे, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून केस बसविण्याची विद्या येत नाही, त्याला रीतसर शिकलेला डॉक्टर लागतो. मग असा एक डॉक्टर शोधला. त्याने कागदावर डोके काढून मला समजावून दिले. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस टिकाऊ असतात. पुढचे केस ज्या संप्रेरकाने खंगतात, त्याला ते दाद देत नाहीत, आणि पुढे आणून लावले तरी आपला मागचा स्वभाव सोडीत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक ह्या डॉक्टराने १९५२ साली असे केस पहिल्यांदा बसविले आणि १९५९ साली ते लिहून प्रसिद्ध केले. जपानात शोजी ओकुदा ह्यांनी १९३९ सालीच केसांची अशी कलमे केल्याचे लिहून ठेवले होते, पण मध्ये महायुद्ध आले आणि ते काम पश्चिमेकडे कोणाच्या नजरेस पडले नाही.

शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सुया टोचल्या त्याच काय त्या दुखल्या. पुढे आठ तास मी पालथा आणि उताणा पडून रेडिओवरची गाणी ऐकली. मागून एकवीसशे मुळे एकेक करून काढली, थंडगार खारट पाण्यात ठेवली आणि पुढे बारीक चिरा पाडून त्यांत एकेक बसविली. खरी कथा त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवसानंतर त्यांनीच एकदा डोके धुऊन दाखविले, आणि एक छापील कागद हातात दिला. दहा दिवस डोके घासावयाचे नाही. खाजवावयाचे नाही. शॉवरखाली जावयाचे नाही. खाली वाकावयाचे नाही. उन्हात फिरावयाचे नाही. पाठीवर, उशा उंच करून निजावयाचे. महिनाभर समुद्रात बुडी मारावयाची नाही. आणि तेल? डॉक्टर म्हणाले, "तीन-चार आठवडे नावसुद्धा काढू नका."

चौथ्या दिवशी मी कुडाळला उतरलो. डोक्यावर सैल टोपी होती; आजोबांची आठवण झाली. रात्रभर गाडीत बसून आलो होतो, आणि सूज कपाळावरून उतरत उतरत डोळ्यांवर आली होती. ही सूज येते आणि आपोआप जाते, असे कागदावर लिहिले होते. पण आईने तो कागद वाचला नव्हता. तिने दार उघडले आणि म्हणाली, "गांधीलमाशी चावली?"

मी टोपी काढली.

ती काही बोलली नाही. मला बसविले, चहा दिला, आणि मग हळूच विचारले, "ह्या काय करून घेतलंस?" मी सांगू लागलो. मागची मुळे काढून पुढे लावली, असे म्हणताच तिचा चेहरा उजळला. तिने विचारले, "म्हणजे तरवो काढून लावणी केल्यानी? मुळा सुकूक दिली नाय मां?" जन्मभर भातशेती केलेल्या बाईला अर्ध्या मिनिटात जे उमगले, ते समजायला मला डॉक्टरांची चित्रे लागली होती.

संध्याकाळी मी स्वतःच डोके धुवायला न्हाणीत गेलो. एका हाती तांब्या, दुसऱ्या हाती लहान मुलांचा शाम्पू, समोर आरसा नाही. आमची विहीर समुद्राला जवळ. पावसाळा सरला की पाणी मचूळ होऊ लागते आणि साबणाला फेस येत नाही. मी तांब्या उंच धरला असावा. पाणी धबकन पडले आणि मी किंचाळलो. आई धावत आली. "खंय आसा तो तुझो कागद?" म्हणाली.

ती चष्मा लावून ओटीवर कागद वाचीत बसली. मी आत डोके वाळवीत होतो. पुसायचे नव्हतेच, नुसते वाऱ्यावर वाळू द्यायचे होते. बऱ्याच वेळाने बाहेर आलो, तर तिच्या हातात तो कागद नव्हता. त्याच पिशवीतली पावती होती. एक लाख दहा हजार.

"मागची पडवी ह्या वर्षी पण गळली," एवढेच ती म्हणाली, आणि नारळ किसायला उठून गेली. रात्री जेवायला वाढले, पण बोलली नाही. मी उंच उशांवर अर्धवट बसलेला, झोप येईना. पलीकडच्या खोलीत तीही जागी होती, हे तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत होते. मला वाटत होते, आता ती म्हणेल, 'डोक्याला छप्पर केलंस, घराला नाही.' म्हणाली असती तर बरे झाले असते.

सकाळी ती शेजारच्या वरच्या अंगाच्या विहिरीचे गोडे पाणी घेऊन आली. ते तिने उकळले, निवविले. मग एक करवंटी घेऊन तिच्या डोळ्याला खिळ्याने भोक पाडले. मला पाटावर ताठ बसवून म्हणाली, "डोळे मीट. हलू नको." तिने शाम्पूचा फेस तळहातावर घोळविला आणि तो नुसता डोक्यावर ठेवला. पिसाने ठेवावा तसा. बोटे टेकत होती आणि उठत होती, सरकत मात्र नव्हती. पाच मिनिटे तसेच ठेवून तिने करवंटी वर धरली आणि बारीक धार सोडली. धार कपाळामागून एका कडेने सुरू होऊन गोल गोल फिरू लागली. दवाखान्यात मोठ्या कौशल्याने धुतले होते, ह्यात शंका नाही. पण ही धार त्याहून हलकी होती.

"पिंडीवर अभिषेक करतंय असा वाटता," ती म्हणाली. आदल्या संध्याकाळपासूनचे तिचे ते पहिले वाक्य. मी हसलो, तर तिने दटावले, "हलू नको म्हणून सांगितलंय मां?"

लहानपणी तिने माझे डोके धुतले ते शिकेकाईने, खसाखसा. डोळ्यांत जाऊन मी बोंबलत असे. त्यानंतर तिचा हात माझ्या डोक्याला असा किती वर्षांनी लागला, ह्याचा हिशेब मी पाटावर बसून करू लागलो, आणि मध्येच सोडून दिला.

पडवीविषयी मी काही बोलणार होतो. तिने बोलू दिले नाही. पाणी गार व्हायला लागले होते.

त्या दिवसापासून दररोज सकाळी हाच कार्यक्रम. सातव्या दिवशी नरकचतुर्दशी आली, आणि सुरुवातीला सांगितलेला प्रसंग घडला. वास्तविक कागद तिला पाठ झाला होता. पण पहाटे चारला उठून, वर्षानुवर्षांच्या सवयीने वाटी हातात घेतल्यावर तो कागद ती विसरली. मी ओरडल्यावर ती थबकली. मग अंगाला तेल, उटणे सारे यथासांग झाले. डोक्याला मात्र करवंटीची धार. तुळशीपुढे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावला. कपाळाला लावताना ती म्हणाली, "खाली लाव, भुवयेकडे. वर लावणी आसा."

खाज मात्र असह्य. खपल्या धरू लागल्या की डोक्यावर मुंग्या चालतात. आईने उपाय काढला. मला आकाशकंदील करायला बसविले. दोन्ही हात खळीने माखले की माणूस डोके खाजवू शकत नाही. घरात कंदील एकच लागतो. त्या आठवड्यात मी चार केले. दुसरा धोका मागच्या दाराचा. आमच्याकडची जुनी दारे बुटकी, आणि मला वाकायची बंदी. तिने चौकटीला जुन्या पातळाचा लाल काठ बांधून ठेवला. त्या दारातून पडवी दिसत असे, आणि पडवीत रिकामी टोपी ओळीने पालथी घातलेली.

दहाव्या दिवसानंतर फेसाने खपल्या भिजवून बोटाच्या टोकाने हलकेच गोल फिरवायला परवानगी होती. आईने तेही केले, नखे कापून. पंधरवड्यात डोके स्वच्छ झाले आणि त्यावर आखूड काळे खुंट दिसू लागले. मी मुंबईला परतलो तो जग जिंकल्याच्या थाटात.

आणि तिसऱ्या आठवड्यात ते खुंट गळू लागले. उशीवर, टॉवेलवर, कॉलरवर. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते, कागदावरही छापले होते : लावलेला केस झडतो, मूळ आत राहते, तीन-चार महिन्यांनी नवा फुटतो. मला ते पाठ होते. तरी रात्री अकराला मी आईला फोन केला. एक लाख दहा हजार डोळ्यांपुढे नाचत होते, आणि त्यांच्या मागे ती टोपी.

ती झोपेतून उठली होती. म्हणाली, "तरवो लावल्यार पयलो पिवळो पडता. मगे जीव धरता. लावणी करून दुसऱ्या दिवशी कोण कापणी करता, मेल्या? नीज आता."

मार्चमध्ये कपाळावर पहिली लव दिसली. एप्रिलात मी पतपेढीतून कर्ज काढले आणि मे महिन्यात मागच्या पडवीचे वासे, रिपा बदलून कौले चाळून घेतली. सुतार गावचाच होता. काम चालू असताना तो माझ्याकडे पाहून आईला म्हणाला, "काकी, झील बारीक दिसता." ती काही बोलली नाही, पण त्याला दुसऱ्यांदा चहा मिळाला. पावसाळ्यात पडवी एकाच ठिकाणी गळली. ते कौल कोणाच्या हातून हुकले, ह्यावर त्याचा आणि माझा वाद अजून चालू आहे.

गेल्या दिवाळीत पहाटे मी पाटावर बसलो. आईने वाटीतले कोमट तेल माझ्या टाळूवर ओतले आणि दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. वर्षभराने. मग एकदम तिचे हात पुढे येऊन थांबले. अंगठा कपाळाच्या कडेने एकदा डावीकडून उजवीकडे फिरला, पुन्हा उजवीकडून डावीकडे. तिला मोतीबिंदू झाला आहे. डोळ्यांपेक्षा बोटांवर तिचा भरवसा अधिक.

"दाट नाय," ती म्हणाली. थोडा वेळ गेला. "पण आसत."