एका डायॉप्टरचा भरवसा

कॉर्निया पातळ होत त्याचा शंकूसारखा ‘कोन’ होतो, त्या केरॅटोकोनसच्या पेशंटचे दोन स्कॅन शेजारी ठेवले की नजर आधी केमॅक्सवर जाते, म्हणजे कॉर्निया जिथे सगळ्यांत जास्त उभा झाला आहे तिथल्या वक्रतेवर. समजा सहा महिन्यांपूर्वी तो आकडा ५८.९ होता आणि आज ६०.० आला. फरक एक डायॉप्टरहून जास्त, तेव्हा आजार वाढतोय, क्रॉसलिंकिंग (कॉर्निया घट्ट करून आजार थांबवण्याचा उपचार) करून टाकू, असं लगेच तोंडात येतं. वर्षभरात एक डायॉप्टर वाढ हा निकष आमच्याकडे इतका मुरला आहे, की तो कुठल्या डोळ्याला लावतोय हे फारसं कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की निरोगी कॉर्नियावर ठळक वाटणारा एक डायॉप्टर पुढे गेलेल्या केरॅटोकोनसमध्ये मोजमापाच्या चुकीत सहज बुडून जातो. अशा डोळ्यात एक जुना आणि एक नवा आकडा यांच्या वजाबाकीवर उपचार ठरवू नये.

यातला निम्मा दोष गणिताचा आहे. डायॉप्टर हा हिशेबाने काढलेला आकडा. त्याच्या मुळाशी असते ती वक्रतेची त्रिज्या. ३३७.५ ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की डायॉप्टर मिळतात. ४३ डायॉप्टरच्या साध्या कॉर्नियाची त्रिज्या ७.८५ मिलिमीटर येते. तिथे ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर फरक पडतो अर्ध्या डायॉप्टरच्या आसपास. ६० डायॉप्टरच्या कोनावर त्रिज्या ५.६३ वर आलेली असते, आणि तेवढीच चूक जवळजवळ १.१ डायॉप्टर होऊन बसते. म्हणजे यंत्र तितकंच अचूक राहिलं तरी नुसत्या हिशेबाने चूक दुप्पट. त्यात केमॅक्स हा एकाच बिंदूचा आकडा. उंचीच्या नकाशावरून वक्रता काढताना मायक्रॉनभराचा गोंधळही फुगतो, आणि एका बिंदूवर त्याला सावरून घ्यायला शेजारी कुणी नसतं.

उरलेलं कारण पेशंट हनुवटी टेकवतो तिथे दिसतं. ‘डोळे मिटा, उघडा, मोठे करा, आता हलू नका’ एवढं म्हणेपर्यंत कॅमेरा दोनेक सेकंदांत अर्धं वर्तुळ फिरतो आणि कॉर्नियाचे पंचवीस तिरपे छेद टिपतो. तेवढ्या वेळात पेशंटने समोरच्या खुणेकडे टक लावून बघायचं असतं. पण ती खूणच त्याला फाटलेली, दोन-तीन छटांची दिसते. नेमकं कुठे बघायचं हे त्याला कळणार कसं? नजर जराशी सरकली की खाली झुकलेल्या कोनाचा माथा नकाशावर दुसरीकडे जातो. माथ्यावर अश्रूंचा थर टिकत नाही, वरची पापणी अर्धवट उतरते, आणि ॲलर्जीवाल्या मुलाने बाहेर बाकावर बसल्या बसल्या डोळा चोळलेला असतो. सेमी-सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्याने ती आज सकाळीच काढली असेल, तर आपण मोजतो तो लेन्सने दाबलेला आकार. यंत्र यावरही ‘ओके’ छापू शकतं. त्या ओकेचा अर्थ इतकाच, की फोटो पुरेसे आले आणि डोळा फार हलला नाही. (या कॅमेऱ्यामागचं तत्त्व ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लुग हवाई छायाचित्रांतली तिरपी जमीन सरळ करण्याच्या खटपटीत होते. चुळबुळणारा डोळा त्यांच्या हिशेबात नव्हता.)

या गोंधळाला माप लावता येतं. एकाच डोळ्याचे लागोपाठ अनेक स्कॅन घेऊन त्यांचं प्रमाण विचलन काढलं आणि २.७७ ने गुणलं, की काहीही बदललेलं नसताना दोन वाचनांत किती फरक पडू शकतो याची मर्यादा मिळते. शंभरातल्या पंचाण्णव जोड्या तिच्या आत राहतात. विचलन ०.४ डायॉप्टर धरलं, तर मर्यादा १.१. आपला पवित्र एक डायॉप्टर तिच्या आतच पडला. दोन्ही वेळा तीन-तीन स्कॅनची सरासरी घेतली, तर तीच मर्यादा ०.६४ वर येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक तज्ज्ञ-सहमतीनेही आजार वाढला म्हणायला पुढचा पृष्ठभाग उभा होणं, मागचा उभा होणं आणि कॉर्निया पातळ होणं यांपैकी किमान दोन गोष्टी मागितल्या आहेत, आणि बदल मोजमापाच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठा असावा असंही म्हटलं आहे. पण कामाच्या गर्दीत बाकीचं गळून पडतं आणि केमॅक्स तेवढा उरतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की खात्री होईपर्यंत थांबलात तर तोवर नजर जाईल. गेलेली नजर क्रॉसलिंकिंगने परत येत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो थांबण्यावरचा आहे, जास्त मोजण्यावरचा नाही. त्याच बैठकीत आणखी दोन स्कॅन काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. चौदा वर्षांच्या, सतत डोळे चोळणाऱ्या मुलात तर मी आकड्यांचा हट्ट धरणारच नाही. तिथे वय आणि आजाराचा वेग माहीत असतो, आणि उपचाराकडे लवकर झुकणं शहाणपणाचं ठरतं. फक्त तो निर्णय वयावर घेतला असं लिहावं, केमॅक्सच्या अंगावर ढकलू नये. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: एका बैठकीतली सरासरी त्या दिवसाचा कोरडेपणा किंवा लेन्सचा दाब कसा काढणार? नाहीच काढणार. म्हणून पहिली नोंद तरी दोन वेगळ्या दिवशी, लेन्स पुरेसे दिवस बंद ठेवून घ्यावी, आणि पुढचे स्कॅन त्याच यंत्रावर व्हावेत. दोन कंपन्यांची यंत्रं आपापल्या जागी भरवशाची असली तरी एकाचा आकडा दुसऱ्यातून वजा करता येत नाही.

या हलगर्जीची सर्वांत मोठी किंमत मात्र उपचारानंतरच्या हिशेबात चुकवावी लागते. एका वाचनात केमॅक्स उसळला म्हणून ज्यांना निवडलं, त्यांच्यातल्या काहींचा तो आकडा चुकून वर गेलेला असतो. पुढच्या वेळी तो आपोआप खाली येतो, मग उपचार केलेला असो वा नसो. ती उतरण आपण ‘कॉर्निया सपाट झाला’ म्हणून उपचाराच्या खात्यावर मांडतो, आणि ज्याला उपचाराची गरजच नव्हती तोच पेशंट आपल्या यशाच्या यादीत जाऊन बसतो.