कोवळं ऊन

आईला मी तीन वर्षं चुकीच्या उन्हात बसवत होतो. हे लिहिताना जड जातंय, पण घडलं ते असंच.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी पूर्वेला आहे. धूळ नको, कबुतरं नकोत म्हणून मी तिला सरकत्या काचा लावून घेतल्या. सकाळी सात-साडेसातला तिथे आईची वेताची खुर्ची, अंगावर शाल आणि हातात चहाचा कप. "कोवळं ऊन घे, हाडांना बरं असतं," असं मी तिला रोज सांगायचो. लंडनची ताई फोनवर व्हिटॅमिन डीचा विषय काढायची. तिकडे ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनाच रोज 10 मायक्रोग्रॅम डी घ्यायला सुचवतात, आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या माणसांना तर वर्षभर. मी म्हणायचो, "तुमच्याकडे ऊन नाही म्हणून ते. इथे उन्हाला काय तोटा?" फुकटच्या उन्हाची गोळी विकत घ्यायची, हा निव्वळ औषधवाल्यांचा धंदा आहे, असं माझं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी गणपतीत आरती झाली आणि आई खुर्चीतून उठेना. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून ती रेटा द्यायची, अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची. गुडघे दुखतात का, असं विचारलं तर म्हणाली, "गुडघे नाही रे, मांड्यांत जीवच नाही." पावसाळाभर ती हेच सांगत होती आणि मी ते वयावर ढकलत होतो.

रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी 9. निदान 20 तरी हवं, डॉक्टर म्हणाले. "आजी उन्हात बसतात का?" मी सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. त्यांनी एकच विचारलं, "काच उघडी असते?"

त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे आणि साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. काच उघडी असती तरी फार फरक पडला नसता. सकाळी सूर्य तिरपा असतो, किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं आणि नेमके हेच किरण वाटेत ओझोनमध्ये गळतात. कोवळं ऊन भाजत नाही ते ज्यामुळे, त्याचमुळे त्यात डीही बनत नाही. डॉक्टरांनी एक सोपी खूण सांगितली: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, ते ऊन कामाचं.

डिसेंबरात मी आईची काठी गच्चीवर उभी धरून पाहिली. सकाळी आठला तिची सावली फरशीभर पसरून कठड्यापर्यंत गेली होती. दुपारी साडेबाराला ती काठीपेक्षा जेमतेम आखूड होती. म्हणजे ऐन थंडीतही पुण्याला दोनेक तासांचं कामाचं ऊन मिळतं. लंडनला त्याच दिवसांत भर दुपारी सावली माणसाच्या साडेतीन पटींहून लांब पडते. ताईचं म्हणणं तिच्या गावापुरतं अगदी बरोबर होतं. माझं माझ्या गावापुरतंही चुकलं होतं.

कारण आपला तोट्याचा हंगाम थंडी नव्हे, पावसाळा. पुण्यात शून्य सावलीचे दिवस वर्षातून दोनदा येतात. मेच्या मध्यावरचा पाहायला लोक गच्चीवर जमतात. दुसरा जुलैच्या अखेरीस येतो आणि बहुतेक वेळा ढगांतच जातो. सूर्य बरोबर डोक्यावर, आणि खाली छत्र्या. त्यात निसरड्या रस्त्याच्या भीतीने म्हातारी माणसं चार महिने घराबाहेर पडत नाहीत. आई मासे खात नाही, त्यामुळे अन्नातून डी मिळण्याचा मोठा मार्ग बंद. शिवाय सत्तरीपुढची त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्यानेही डी बनवत नाही, हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून मी आता गोळीचा भक्त झालोय असं मात्र नाही. आईला डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी दिली, आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे. ही पुडी चुकून रोज घेतली जाते, तेव्हा रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, गोंधळलेपण, मूत्रपिंडाला इजा इथवर मजल जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती आख्खं पाकीट देऊ नका, असं मी भेटेल त्याला सांगतो. आणि 2022 साली अमेरिकेतल्या पंचवीस हजारांवर माणसांच्या अभ्यासात दिसलं, की पन्नाशीपुढच्या, सरसकट निवडलेल्या धडधाकट माणसांची हाडं रोजच्या डीमुळे कमी मोडली नाहीत. माझी आई त्या धडधाकटांत नव्हती. पंचाहत्तरीपुढच्यांनी डी घ्यावं, असं तिथल्या अंतःस्रावतज्ज्ञांनीही 2024 मध्ये सुचवलंच.

दोनेक महिन्यांनी आई हात न टेकता उठली. मला दाखवायला नव्हे, दूध उतू चाललं होतं म्हणून.

आता थंडीत ती जेवणाआधी, साडेबाराला गच्चीवर जाते. बाह्या कोपरापर्यंत सरकवून, काठीला टेकून वीसेक मिनिटं. गॅलरीतली खुर्ची आहे तिथेच आहे. सकाळचा चहा ती अजून तिथेच घेते, ते ऊन तिला आवडतं. कालनिर्णयवर जूनपासून प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला तिने स्वतःच्या हाताने 'डी' लिहून ठेवलाय.