वामन, बळी आणि बियाण्याची गोष्ट

वाचकहो, माझे तुमचे बोलणे एरवी गादमाशी, करपा आणि युरियाची गोणी एवढ्यावरच चालते. आज एका कादंबरीविषयी सांगायचे आहे. पान उलटू नका. ही कादंबरी ज्यांनी वाचली ते तुमच्याआमच्यासारखे धानवाले लोक आहेत, आणि त्यांनी तिच्यातून जे काढले ते पुण्या-मुंबईच्या कोणत्याही परीक्षणात निदान माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

कादंबरीचे नाव ‘वामन परत न आला’. लेखक डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात वारले. पेपरात ती बातमी वाचून दोघातिघांनी मला विचारले, "साहेब, ह्यांचं एखादं पुस्तक हाये का जी तुमच्यापाशी?" माझ्याकडे अकोल्याला बी.एस्सी. करीत होतो तेव्हापासूनची एक प्रत होती. ती दिली. तेव्हापासून ती साकोली, लाखनी, पवनी, तुमसर अशी फिरते आहे, आणि परत देताना जो तो काहीतरी बोलून जातो.

नारळीकरांना वाचकांच्या बोलण्याची मोठी किंमत होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून ती लिहून घेतली. मोठ्या शास्त्रज्ञाची म्हणून कोणी वाहवा करू नये, गोष्ट गोष्ट म्हणून तोलली जावी, एवढाच हेतू. तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची वाखाणणी केली, आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे आले. मधल्या काळात ‘हे विज्ञान की साहित्य’ असा वाद पुष्कळ झाला. आपल्याकडे तो कोणी घातला नाही, त्याचे कारण पुढे सांगतो.

गोष्ट थोडक्यात अशी. कर्नाटकात एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणत असता एक पेटी सापडते. ती आपल्या ठाऊक असलेल्या कोणत्याच राज्याची नाही. फार जुन्या आणि तरीही आपल्यापुढे गेलेल्या लोकांची आहे. तिच्यातला मजकूर उलगडत जातो, आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. वामन हुशार, कामाला वाघ. पण त्याला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात. शेवट सांगत नाही.

पुस्तक सोपे नाही. मध्येच भौतिकशास्त्र, मध्येच संगणक, मध्येच पुरातत्त्व, मध्येच रहस्यकथेसारखी पळापळ, आणि डोक्यावर पुराणातले नाव. एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने साठाव्या पानावर हात टेकले. म्हणाला, "धड शास्त्र नाही, धड गोष्ट नाही." त्याच्या आजोबांनी चष्मा लावून ते पूर्ण केले. अडले तिथे दोन पाने सोडली, पुढे गेले, पुन्हा मागे आले. मी विचारले, इतकी सरमिसळ जड नाही गेली? तर म्हणाले, "दंडारीत काय वेगळं राह्यते जी?" खरेच आहे. मंडईच्या रात्री आपल्या झाडीपट्टीत देव येतो, राक्षस येतो, त्यांच्यामागून एक सोंगाड्या येऊन तलाठ्याची टिंगल करतो, आणि कोणी उठून विचारत नाही की हे पुराण की तमाशा. पहाटेपर्यंत बसलेल्या माणसाला भेसळीचे भय नसते. खेळ रंगला पाहिजे, एवढेच.

पेटीचेही तसेच. शहरातला वाचक म्हणेल, असे कुठे सापडते का? पवनीचे एक गुरुजी हसले. त्यांच्या गावी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने खोदकाम केले, तेव्हा जगन्नाथाच्या टेकडीखालून दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. त्या मातीवर पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्यांना खाली काय आहे याचा पत्ता नव्हता. तुमसरकडे, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत ज्याची उमर गेली अशा एकाला खोल खड्ड्याचे वर्णन तेवढे अपुरे वाटले. खाली गेल्यावर अंगाला जो घाम सुटतो त्याविषयी लेखकाने काही लिहिले नाही, अशी त्याची तक्रार. मला ती रास्त वाटते.

आता मुख्य गोष्ट. यंत्राने यंत्र जन्माला घालावे, हा या कादंबरीचा कणा. शिकलेला माणूस तिथे अडतो. त्यात एवढे भ्यायचे काय, हे त्याला पटकन कळत नाही. साकोलीकडचे एक शेतकरी, शिक्षण सातवी, यांनी ते एका वाक्यात सांगितले. "साहेब, वामनाले सोताचं बी धरायचं हाये."

तुम्हाला हे फोडून सांगायला नको. सरळ वाणाचे धान बांधीत पिकले की त्यातलेच निवडून पुढच्या साली पऱ्हे टाकता येतात. संकरित वाणाचे बी धरले तर दुसऱ्या पिढीत लहानमोठी, मागेपुढे निसवणारी झाडे निघतात, म्हणून दरसाल पिशवी विकत आणावी लागते. बी ज्याच्या हाती, दोर त्याच्या हाती. आणि जे बी धरता येते ते कोणाच्या हाती राहात नाही, हेही आपण पाहिले. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखून जे वाण केले, त्याला घड्याळावरून एचएमटी नाव पडले. पायलीपायलीने ते गावोगाव गेले. कोणाला विचारून गेले नाही. धानाच्या बाबतीत हे चांगलेच झाले. पण असेच पसरणारे बी आपल्यापेक्षा हुशार असेल आणि त्याची इच्छा आपल्याहून निराळी असेल तर? ते शेतकरी म्हणाले, "मंग त्याचा मालक कोन?" पुस्तकातले शास्त्रज्ञ या प्रश्नापाशी पोचायला पुष्कळ पाने घेतात.

नावावरून मात्र चांगलीच जुंपली. पुराणातल्या वामनाने तीन पावले जमीन मागितली आणि बळीला पाताळात घातले. पण आपल्या घरी पाडव्याला पूजा कोणाची होते? बळीची. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त बळीला आपला राजा म्हटले, त्याच्या कितीतरी आधीपासून आयाबाया ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणत आल्या आहेत. तेव्हा वामन परत आला नाही, हे नाव वाचूनच एका म्हाताऱ्या भाऊंना आनंद झाला. "बरं झालं," म्हणाले. मग त्यांनी विचारले, यंत्राचे नाव वामन तर या गोष्टीतला बळी कोण? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, शुक्राचार्याने बळीला आधीच बजावले होते की देऊ नको. आपल्याला कोण बजावणार? यावर दोघांनी माझ्याकडे पाहिले. झारीत शिरलेल्या शुक्राचार्याचा डोळा गेला होता हे आठवून मी गप्प बसलो.

हसण्यावारी नेले तरी प्रश्न होताच. २०२५ साली राज्य सरकारने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. पोरे पानाचा फोटो फोनला दाखवतात आणि रोगाचे नाव मागतात. उत्तर कधी बरोबर येते, कधी बांधीत उतरून बुडखा पाहिल्याशिवाय कळणार नाही असे असते. मला त्याचा राग नाही. एकेका सहायक कृषी अधिकाऱ्याकडे कितीतरी गावे असतात. फोन रात्री अकरालाही उत्तर देतो.

पण सर्वांत खरे बोलणे मी ऐकले ते रोवणीला जाणाऱ्या एका मावशीकडून. त्यांना वाचता येत नाही. मुलीने रात्री थोडे थोडे वाचून दाखवले. मावशींनी शास्त्र विचारले नाही, पेटी विचारली नाही. विचारले, "त्या वामनाले मजुरी किती देत होते?" मुलगी म्हणाली, काहीच नाही. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या गावात त तो येऊन गेला जी." हार्वेस्टर आल्यापासून त्यांचे धानकापणीचे दिवस निम्म्यावर आले आहेत. रोवणी अजून हातावर आहे, पण रोवणीचे यंत्रही शिवारात दिसू लागले आहे. ते यंत्र शेतकऱ्याला दाखवण्याचे काम माझ्या खात्याचे, म्हणजे माझेच. वेळेवर मजूर मिळत नाहीत, पाऊस थांबत नाही, पऱ्हे मोठे होऊन जातात, ही शेतकऱ्याची अडचणही मी रोज ऐकतो. मावशींना मी एवढेच सांगितले की यंत्र चालवायला दोन माणसे लागतात, आणि त्या शिकणार असतील तर नाव लिहून घेतो. त्या म्हणाल्या, "मी नाही जी. पोरीचं लिवा."

नाव लिहून घेतले आहे. पुस्तक सध्या त्या मुलीकडेच आहे. सुरुवातीची काही पाने सुटली आहेत, ती डिंकाने चिकटवून दे म्हणून सांगितले. तिच्यानंतर पालांदूरच्या दोघांचा नंबर लागला आहे.