अजिंठ्यासमोरचा कडा आणि जॉन स्मिथ

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पडेगावहून लेण्यांकडे जायच्या दोन वाटा आहेत. मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद करत गेलं तर तासाभरात वेरूळ येतं. उलट्या दिशेने शहर ओलांडून हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड मागे टाकलं की शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. पण वेरूळ कोणी शोधलं, असा प्रश्न कुणालाच पडत नाही, आणि अजिंठ्याचा विषय निघाला की जॉन स्मिथचं नाव हटकून पुढे येतं. हा फरक लेण्यांच्या थोरवीचा नाही, रस्त्याचा आहे. वेरूळ राबत्या वाटेवर होतं. सतराव्या शतकात थेवनो हा फ्रेंच प्रवासी ती लेणी पाहून गेला, औरंगजेबाच्या काळच्या फारसी बखरीतही त्यांचं वर्णन आलं. अजिंठ्याची लेणी मात्र वाघूर नदीच्या खोल वळणात, वाटसरूच्या नजरेआड राहिली. नजरेआड राहणं आणि हरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजिंठा गाव सोडल्यावर, फर्दापूरकडे घाट उतरण्याआधी एक फाटा लेण्यांसमोरच्या डोंगराच्या टोकाकडे जातो. हाच व्ह्यू पॉइंट. लेण्यांच्या दारात उभं राहून जे कधीच कळत नाही ते इथे एका नजरेत कळतं: नालेसारखा वळलेला काळा कडा, त्याच्या पोटात ओळीने कोरलेली तीसेक लेणी, खाली नदी आणि दरीच्या माथ्याशी पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा. मद्रास फौजेच्या २८व्या घोडदळातला स्मिथ शिकारीला आला असताना त्याला इथूनच दहाव्या लेण्याची कमान दिसली, असं सांगतात. एवढं नक्की, की त्या लेण्यातल्या एका रंगवलेल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. तेव्हा आत मातीचा ढीग साचलेला होता. तो उपसल्यामुळे ती अक्षरं आता माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात.

त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर इसवी सनापूर्वीच्या ब्राह्मीत कटहादी या दात्याचं नाव आहे. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, सव्विसाव्यात बुद्धभद्र हा भिक्षू आपापली दानं नोंदवून गेले आहेत. सातव्या शतकात ह्युएन त्सांगने महाराष्ट्राच्या वर्णनात दरीतल्या ज्या विहाराची आणि दारातल्या दगडी हत्तींची हकीकत दिली, ती अजिंठ्याचीच असं अभ्यासक मानतात. पुढे भिक्षू गेले, रान वाढलं. पण परिसर ओस पडला नव्हता. अजिंठा गाव दख्खन आणि खानदेशामधल्या वाटेवरचं. निजाम-उल-मुल्कने १७२७ मध्ये त्याला तटबंदी केली. १८०३ च्या असईच्या लढाईत जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांचं इस्पितळ याच गावात होतं. म्हणजे स्मिथच्या सोळा वर्षं आधी इंग्रज फौज लेण्यांपासून काही कोसांवर राहून गेली आणि तिला पत्ता लागला नाही. भिल्लांना आणि गुराख्यांना मात्र ही दरी पायाखालची होती. लेण्यांतल्या चुलींच्या धुराने काळवंडलेली चित्रं त्यांच्या वावराची साक्ष देतात.

यावर कोणी म्हणेल, ठाऊक असणं वेगळं आणि जगापुढे मांडणं वेगळं. शोधाचं श्रेय मांडणाऱ्याला. हा आक्षेप मला पटतो, म्हणून त्याच मापाने स्मिथला मोजू. सायबेरियाच्या उत्तर टोकाला चेल्युस्किन नावाचं भूशिर आहे, युरोप-आशियाच्या मुख्य भूमीचं अगदी शेवटचं टोक. रशियन दर्यावर्दी सेम्योन चेल्युस्किन १७४२ मध्ये कुत्र्यांच्या गाडीवरून तिथे पोचला, किनाऱ्याची नोंद केली आणि बरोबर आणलेला एक ओंडका खूण म्हणून रोवला. त्याचं नाव भूशिराला मिळालं ते शतकभराने, आणि ते कामाबद्दल मिळालं. स्मिथने मात्र नकाशा केला नाही, वर्णन छापलं नाही. मुंबईत १८२२ मध्ये लेण्यांवर निबंध वाचला तो विल्यम अर्स्किनने. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर येऊन पाहून गेला आणि त्याचा लेख १८२९ मध्ये छापला गेला. १८४४ पासून रॉबर्ट गिलने चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घातलं, त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मांडणीचं श्रेय द्यायचं तर ते या माणसांचं. स्मिथ त्या साखळीची पहिली कडी, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याचा हातभार म्हणजे एक बातमी आणि चित्रावरचा एक ओरखडा.

म्हणून शाळेच्या पुस्तकातून आणि वाटाड्यांच्या तोंडून ‘स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला’ हे वाक्य आता जावं. १८१९ मध्ये इंग्रजांना अजिंठा कळला, इतकंच सांगावं. आणि त्या कड्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येक सहलीला कटहादी, वराहदेव आणि बुद्धभद्र ही तीन नावं आधी ऐकवावीत.