कोनाड्यातली काडेपेटी

आमच्या आजीच्या घरात काडेपेटीची जागा ठरलेली होती. पिरंगुटच्या त्या घराचा उंबरा ओलांडला, की उजव्या हाताला भिंतीत एक कोनाडा. त्यात चिमणी आणि चिमणीशेजारी काडेपेटी. घरातली दुसरी कोणतीही वस्तू कुणी कुठेही न्यावी, आजीची हरकत नसे. पण काडेपेटी चुलीपर्यंत गेली आणि परत आली नाही, की तिचा आवाज चढे. "आरं, अंधारात काडेपेटी शोधायला उजेड कुठून आणशील?" वरच्या अंगाला मुळशीचे धरण. त्यात जमिनी जाणार म्हणून 1921 साली सेनापती बापटांच्या बरोबर मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. त्याच्या पाण्यावर खाली भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबईला जाई. आमच्याकडे मात्र दिवे गेले, की त्या कोनाड्याचाच काय तो आधार.

आजीचा तो प्रश्न गेल्या दिवाळीत मला एका संगणकाने विचारला.

इथल्याच एका कारखान्यात मी हिशेब पाहतो. आमच्या कचेरीच्या एका खोलीत एक मोठे यंत्र आहे. पण त्या एकाच्या पोटात पाच-सहा संगणक नांदतात. जुन्या वाड्यात पाच बिऱ्हाडे असावीत तसे. फरक इतकाच, की इथले प्रत्येक बिऱ्हाड सगळा वाडा आपलाच आहे अशा समजुतीत असते! यांना आभासी संगणक म्हणतात. यांची डिस्कही आभासी. ती वाढवायला ना सुतार लागतो ना स्क्रूड्रायव्हर. एक आकडा खोडायचा आणि दुसरा लिहायचा.

उन्हाळ्यात आमच्या संगणकाची दीड टेराबाइटची डिस्क भरत आली. नकाशे, हजेऱ्या, कॅमेऱ्यांची चित्रे, सगळे त्यातच. "सारखे काय थोडेथोडे? एकदाच घसघशीत चार करून टाका," असे मीच ऐटीत सांगितले. चार झाली. पाच महिने सुखात गेले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्याच्या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली आणि संध्याकाळी तो बंद करून पुन्हा सुरू केला. तो उठेचना. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ. अर्थ असा, की डिस्कच्या हद्दीबाहेर वाचण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी बोनस वाटायचा होता आणि सगळ्या हजेऱ्या त्या काळ्या पडद्याआड. लातूरकडचा एक कामगार दारात उभा राहिला. "साहेब, उद्या रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलीत. लेकरं हायेत संगं. पैसं येतील न्हवं?" मी "येतील" म्हणालो, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. चार टेराबाइटांचा आकडा माझ्याच तोंडून गेला होता ना!

पुण्याहून यंत्र दुरुस्त करणारी मुलगी आली, तेव्हा घाटात दिवे लागले होते. तिने पाचदहा मिनिटे काही पाहिले आणि म्हणाली, "काका, हरवलं काहीच नाही. सगळं जागच्या जागी आहे. फक्त उठवणाऱ्याचा हात पोचत नाही."

मग तिने जे सांगितले ते मला समजले तसे सांगतो. संगणक सुरू होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसते. आधी बायोस नावाचा एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो डिस्कवरचा पहिला, 512 बाइटांचा ठोकळा वाचतो. त्यातून त्याहून थोडा मोठा कार्यक्रम जागा होतो. आणि तो प्रणालीचा गाभा शोधून त्याला उठवतो. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलावे तसा हा प्रकार, म्हणून इंग्रजीत याला बूट होणे म्हणतात. आमच्या बायोसचे वळण जुने. ठोकळ्याचा क्रमांक त्याला 32 द्विमान अंकांतच मोजता येई, म्हणजे 4,29,49,67,296 ठोकळे. दोन टेराबाइटांच्या जरा पुढे त्याची मोजणी संपते. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीत अवघ्या 10 मेगाबाइटांची डिस्क होती. त्या काळी एवढी मोजणी कुणाला अपुरी वाटली असती? आणि गंमत पहा, आभासी संगणक जुन्या संगणकाची नक्कल इतकी इमानाने करतो, की त्याचा तोकडा हातही उचलतो!

एकदा जागी झाली, की प्रणालीला सगळी डिस्क दिसते. म्हणून पाच महिने कुणाला पत्ता नव्हता. पण नव्या आवृत्तीने नवा गाभा आणि त्याचा पत्ता सांगणारी यादी जिथे मोकळी जागा सापडली तिथे लिहिली. ती जागा नेमकी दोन टेराबाइटांच्या पलीकडे निघाली.

उपाय ऐकून मला हसू आले. तिने दुसऱ्या एका आभासी चकतीवरून संगणक तात्पुरता जागा केला, एक गिगाबाइटची चिमुकली डिस्क त्याला जोडली, गाभा आणि यादी तिथे नेऊन ठेवली, आणि सुरुवात याच डिस्कपासून करायची असे बजावले. "यूईएफआय नावाची नवी पद्धत आहे, ती 64 अंकांत मोजते," ती म्हणाली. "पुढे तीच घ्या. पण आज रात्री हे पुरे." साडेअकराला हजेऱ्या उघडल्या. एकही दिवस गहाळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बोनस वाटला. लातूरकर जाताना नुसता हात वर करून गेला.

आजीचे घर पाडून त्या जागी आम्ही पाच खोल्यांचे नवे घर बांधले आहे. त्यात कोनाडा नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या मांडल्या आणि वीज गेली. काडेपेटी कुठे आहे ते पाच खोल्यांत पाच जण विचारू लागले. शेवटी ती माळ्यावरच्या डब्यात सापडली.

दुसऱ्या दिवशी मी दाराजवळ एक लहानशी फळी ठोकली आणि तिच्यावर काडेपेटी ठेवली.

"हे काय नवीनच?" सौभाग्यवतींनी विचारले.

"नवीन कुठले?" मी म्हणालो, "आजीचेच आहे. मधे जरा हाताबाहेर गेले होते."