पित्तच असेल

आपल्याकडे अर्ध्या दुखण्यांचं कारण एकच असतं: पित्त. डोकं चढलं, पित्त. छातीत जळजळलं, पित्त. अंगावर लाल गांधी उठल्या, तरी पित्तच. उपायही ठरलेला. आमसुलं भिजत घालायची, थोडं पाणी प्यायचं, उरलेलं अंगाला चोळायचं. मी याच औषधावर वाढले आणि बहुतेक वेळा त्याने बरंही वाटलं. त्यामुळे गरोदरपणाच्या ३५व्या आठवड्यात पोटावर पुरळ आलं, तेव्हा आईने बरणीकडे हात नेला यात नवल नव्हतं.

मे महिना होता. मी पहिल्या बाळंतपणासाठी जुन्या पनवेलमध्ये माहेरी आले होते. पनवेलचा मे म्हणजे घाम येतो, पण वाळत नाही. त्यात दुपारी वीज जायची. आधी पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्ये बारीक लाल पुटकुळ्या आल्या. दोन दिवसांत त्यांचे चट्टे झाले आणि मांड्या, दंड, पाठ असं करत पसरले. बेंबीभोवतीचा गोल तेवढा कोरा राहिला. रात्री दोन वाजता मी ओला पंचा पोटावर टाकून न्हाणीघराच्या लादीवर बसायची, कारण पूर्ण घरात तीच जागा थंड होती.

घरात निदानांची कमी नव्हती. आई म्हणाली पित्त. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट. आत्या मात्र ठाम होती, "बाळाला जावळ भरपूर असणार बघ. केस उगवताना आईला खाजतंच."

जावळाचं ऐकून मी हसले होते. पण ही समजूत किती जुनी आहे, ते नंतर कळलं. पनवेलमध्ये १८७२पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, त्यामुळे चरकाचं नाव इथे लहानपणापासून कानावर पडतं. त्याच चरकसंहितेत, गर्भिणीच्या सातव्या महिन्याच्या वर्णनात हाच वाद आहे. बायका म्हणतात की गर्भाचे केस उगवतात म्हणून आईला दाह होतो. आत्रेय म्हणतात, तसं नाही. वाढत्या गर्भाच्या दाबाने दोष वर सरकतात, त्यातून दाह, दाहातून खाज आणि खाजेतून 'किक्किस', म्हणजे त्वचेवरच्या त्या रेषा. पुढे चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप सांगितलाय आणि खाजवू नका, कातडी फाटून विद्रूप होते, असंही बजावलंय. आजचं विज्ञान वेगळं कारण सांगतं. पण निदान एवढ्या जुन्या काळी कुणीतरी "का खाजतंय?" हा प्रश्न गंभीरपणे घेतला होता, याचं मला त्या रात्रींमध्ये अप्रूप वाटलं.

कारण मी ज्या डॉक्टरांकडे तपासणीला जात होते, त्यांनी तो घेतला नाही. कुर्ता वर करून दाखवायच्या आत उत्तर आलं, "होतं असं. डिलिव्हरीनंतर जाईल."

वाक्य चुकीचं नव्हतं. तेवढ्यावर थांबणं चुकीचं होतं. चार दिवसांनी माझे तळहात आणि तळपायही रात्री खाजायला लागले, आणि तिथे तर पुरळ नव्हतंच. मी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी पोट नीट पाहिलं, बेंबी पाहिली, मग हात उलटेसुलटे करून पाहिले आणि दोन वेगळ्या गोष्टी समजावून सांगितल्या.

पोटावरचं पुरळ ओळखीचं होतं. १९७९ साली अमेरिकन डॉक्टरांनी त्याला पीयूपीपीपी असं लांबलचक नावाचं लघुरूप दिलं. बहुधा पहिल्या खेपेला, शेवटच्या तीन महिन्यांत येतं. स्ट्रेच मार्क्समध्ये सुरू होतं, बेंबी सोडून देतं. जीव नकोसा करतं, पण बाळाला धक्का लावत नाही. बेंबीभोवतीच सुरुवात होऊन मोठे फोड आले असते, तर तो दुसरा, दुर्मीळ आजार असू शकला असता. म्हणून आधी बेंबी पाहिली.

तळहातांची खाज ही वेगळी गोष्ट. गरोदरपणात काही जणींच्या यकृतातून पित्तरस नीट वाहत नाही आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. याला कोलेस्टॅसिस म्हणतात. यात पुरळ नसतं, असतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. खाज तळहात-तळपायांना जास्त आणि रात्री वाढणारी. आईला त्रास खाजेचाच, धोका बाळाला. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पित्ताम्लांचं प्रमाण १००च्या वर गेलं, तर बाळ पोटातच दगावण्याची शक्यता शंभरात तीनहून थोडी जास्त होते. प्रमाण ४०च्या खाली असेल, तर ती हजारात एकीच्या आसपास राहते. त्या आकड्यावरून प्रसूती कधी करायची ते ठरतं. आकडा कळतो तो रक्त तपासल्यावरच.

म्हणजे आई ज्याला पित्त म्हणत होती ते पित्त नव्हतं, आणि जे खरोखर पित्त असू शकलं असतं ते डोळ्यांना दिसतच नव्हतं.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी डाव्या कुशीवर पडून बाळाच्या लाथा मोजल्या. नवरा बेलापूरच्या ऑफिसातून तासातासाला "आला का?" विचारायचा. रिपोर्ट नॉर्मल आला. खाज आधी सुरू होऊन आकडा नंतर वाढू शकतो, म्हणून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं. तोही नॉर्मल. पुरळासाठी सौम्य स्टेरॉइडचं मलम आणि रात्री एक गोळी मिळाली. 'स्टेरॉइड' वाचून घरात सगळे दचकले, पण डॉक्टरांनी किती, कुठे आणि किती दिवस लावायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. मेडिकलवाल्याने मनाने दिलेली ट्यूब आणि ही ट्यूब यात तेवढाच, पण मोठा फरक असतो.

मुलगी झाली. जावळ बेताचंच. पुरळ मात्र गेलं नाही, उलट पहिल्या आठवड्यात भडकलं. आणि आमच्याकडचं बाळंतपण म्हणजे सगळा उष्णतेचा कारभार: कढत पाण्याची अंघोळ, तेलाची मालीश, शेगडीचा शेक, वर पंखा बंद. मी रडले, आई चिडली. "वारा बाधला तर जन्मभर कंबर धरून बसशील." तिची काळजी खोटी नव्हती, पण माझी कातडीही पेटलेली होती.

वाद मिटवला मालीशवाल्या मावशींनी. त्यांनी माझी पाठ पाहिली आणि तेलाची वाटी खाली ठेवली. "नको गो बाय, ह्या अंगाला शेक नको." मग पाणी कोमट झालं, मालीश फक्त पायांना, पंखा एकवर. माझ्या आणि डॉक्टरांच्या सांगण्याने जे झालं नव्हतं, ते पन्नास बाळंतिणी हाताखालून गेलेल्या बाईच्या एका वाक्याने झालं. पाचव्या आठवड्यात चट्टे विरले. मांडीवर थोडे काळसर डाग राहिले, तेही हळूहळू फिके होताहेत.

परवा आमच्या इमारतीतली सातव्या महिन्यातली एक मुलगी आईकडे आमसुलं मागायला आली. रात्री फार खाजतं म्हणाली. आईने तिला बसवलं आणि आधी विचारलं, "पुरळ आहे का गं? की नुसतेच तळहात-तळपाय?"

मुलीने हात पुढे केले. पुरळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली.