चढ-उतारांची बेरीज

जालना जिल्ह्यात कसाऱ्यासारखा नावाजलेला घाट नाही, म्हणून इथली राइड सोपी असणार, असं बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांना वाटतं. जालन्याहून राजूर, भोकरदन आणि पुढे वालसावंगीकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दिशेने निघालं की हा समज फिटतो. घाटाला एक पायथा असतो, एक माथा असतो. इथे चढ संपतोय तोवर उतार, उताराच्या तळाशी ओढ्यावरचा पूल आणि पुलापलीकडे पुन्हा चढ. पूर्णा-केळनेच्या या खोऱ्यात माणूस थकतो तो या बेरजेने.

इथे खरा कस लागतो तो गिअर बदलण्याच्या वेळेचा. चढाला लागून पायावर जोर आला की चेन ताणलेली असते. तेव्हा गिअर टाकला तर ती करकरते, कधी उतरतेही. म्हणून पुलावर, पाय मोकळे फिरत असतानाच गिअर हलका करायचा. वेग कमी झाला तरी चालेल, पायांची लय मोडता कामा नये. शेजारचा उभा राहून जोर मारत पुढे गेला तर त्याला खुशाल जाऊ द्यावं.

आमच्या राइडचे नियम ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, धर्तीवरचे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४०. चहा, जेवण, पंक्चर सगळं त्यातच. पहिला-दुसरा नंबर नाही; वेळेत आलेले सगळे सारखे. मला हा प्रकार शर्यतीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. शेवटच्या माणसालाही इथे तितकाच मान आहे.

पंक्चर मात्र कुणाला चुकत नाही. रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे. नवखा माणूस घाईने ट्यूब बदलतो आणि पुढच्या फर्लांगात पुन्हा बसतो, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. टायरच्या आतून बोट हळूच, पूर्ण गोल फिरवायचं. डोळ्याला न दिसणारं टोक बोटाला लागतं. ते नखाने बाहेरून नाही, आतून ढकलून काढायचं, मगच नवी ट्यूब. जुन्या ट्यूबमधलं भोक कुठे आहे ते टायरशी जुळवून पाहिलं तर शोध निम्म्याने कमी होतो.

परतीला अंधार पडतो तेव्हा कापसाच्या आणि उसाच्या गाड्या रस्त्यावर असतात, अनेकांना मागे दिवा नसतो. तेव्हा एकत्र राहून, एकामागे एक यावं. दमलेल्याला मधे घ्यावं, मागे एकटं सोडू नये.

यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. दोन ट्यूब, हवेचा पंप, मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट एवढं बरोबर ठेवा, आणि भोकरदनपर्यंत दम राखून चालवा.